नदीकाठी उद्यान कुठे करावे आणि कुठे करू नये

पुणे जिल्ह्यातील नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावातून, तिथल्या नगरपरिषदेचे काम पाहणाऱ्या एका ताईंनी विचारले आहे की, पुलाच्या खालच्या अंगाला नदीलगत नगरपरिषदेची सुमारे दोन एकर मोकळी जागा आहे. तिथे हिरवळ, कारंजे, लहान मुलांची खेळणी, ओपन जिम, पेव्हर ब्लॉकची पायवाट आणि भोवती जाळीचे कुंपण असा आराखडा सल्लागाराने दिला आहे. पुण्यातल्या बागांसारखी बाग आपल्याही गावात व्हावी अशी लोकांची इच्छा आहे. तर हा आराखडा योग्य आहे का, आणि गावाजवळची टेकडी, बंधारा व धरणाचा जलाशय यांचाही फिरण्यासाठी उपयोग करता येईल का. उद्यानांची आखणी आणि देखभाल हेच माझे बरीच वर्षे काम असल्याने थोडे सविस्तर उत्तर देतो.

ताई, आपल्या दोन एकरांत जे करायचे ठरले आहे त्यातील बहुतेक गोष्टी तिथे करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा वाईट नाही, उलट फार चांगली आहे. परंतु ती जमीन पावसाळ्यात नदीची असते आणि उरलेले आठ-नऊ महिने गावाची असते. हे मान्य करून आखणी केली तर ती जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहील. हे नाकारून केली तर पहिल्या मोठ्या पुरानंतर नगरपरिषदेच्या हाती गाळ काढण्याचे बिल आणि गंजलेली खेळणी एवढेच उरेल.

सर्वप्रथम जलसंपदा विभागाकडून त्या पट्ट्याचा पूररेषेचा नकाशा लेखी मागवून घ्यावा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी आणि लाल पूररेषा म्हणजे सरासरी 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी, असे ढोबळमानाने समजावे. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तिथे बांधकामाला मनाई असते, मात्र मैदान, बाग, शेती असे मोकळे वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र असतो. येथे ‘25 वर्षांतून एकदा’ या शब्दांचा गैरसमज होतो. त्याचा अर्थ असा की, असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात चार इतकी असते. यंदा येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. वरच्या अंगाला धरण असेल तर पावसाबरोबरच दरवाजातून किती पाणी सोडले जाईल याचाही हिशेब लागतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटल्यावर पुण्यात काय झाले हे आपण ऐकून असाल, पण तो धरणफुटीचा प्रसंग होता. 25 जुलै 2024 रोजी धरण शाबूत असताना, खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने आणि जोरदार पावसाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले, हे उदाहरण आपल्या कामासाठी अधिक बोधप्रद आहे. नकाशा मिळेपर्यंत गावातल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन नदीकाठी एक फेरी मारावी आणि मोठ्या पुराला पाणी कुठवर आले होते ते देवळाच्या जोत्यावर, पुलाच्या खांबावर, जुन्या वाड्याच्या पायरीवर खूण करून घ्यावे. या खुणा नकाशाला पर्याय नव्हेत, मात्र नकाशातली चूक त्यांच्यामुळे लक्षात येते.

पुराचे पाणी उद्यानाचे नक्की काय करते, हे समजल्याशिवाय आराखडा सुधारता येत नाही. पाणी चढते तेव्हा फारसे नुकसान होत नाही; खरे नुकसान पाण्याबरोबर येणाऱ्या वस्तूंमुळे आणि पाणी ओसरताना मागे राहणाऱ्या गाळामुळे होते. आराखड्यातले जाळीचे कुंपण घ्या. पुराच्या पहिल्या तासाभरातच जलपर्णी, उसाचे पाचट, प्लास्टिकच्या पिशव्या, जुनी कापडे हे सगळे त्या जाळीला अडकते. भोके बुजली की जाळीची भिंत होते, तिच्यामागे पाणी तुंबते, आणि मग एकेक खांब पायातल्या काँक्रीटच्या गोळ्यासकट उपटून आडवा होतो. नंतर ती जाळी कापून काढायला मजूर लागतात, कारण तिच्यात चिंध्या आणि काट्या इतक्या घट्ट विणल्या गेलेल्या असतात की ती ओढून निघत नाही. म्हणून नदीच्या बाजूला कुंपण घालूच नये. रस्त्याच्या बाजूने वाहने आत येऊ नयेत एवढ्यासाठी हातभर उंचीचे दगडी खांब, मध्ये साधारण सव्वा मीटर अंतर ठेवून, रोवावेत. चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी त्यातून जाते, मोटार जात नाही. एका ठिकाणी कुलपाचा आडवा दांडा ठेवावा, म्हणजे पुरानंतर गाळ काढायला जेसीबी आत नेता येईल. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे राहणार हे मात्र ठरावात लिहून ठेवावे. वाळूचे ट्रॅक्टर रात्री कुठून उतरतात हे नदीकाठच्या कोणत्याही गावाला सांगावे लागत नाही.

पेव्हर ब्लॉकचेही तसेच आहे. खालची कच पाण्याबरोबर निघून जाते आणि ब्लॉक खचतात. काठची जमीन काळ्या मातीची असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पूर आला नाही तरी पायवाट वरखाली होते. ओपन जिमच्या यंत्रांच्या बेअरिंगमध्ये एकदा गाळ गेला की ती यंत्रे करकरत एक वर्ष चालतात आणि नंतर अडून बसतात. कारंज्याविषयी अधिक लिहीत नाही. पुण्यासारख्या शहरातही बंद कारंज्यांचे हौद पाहायला मिळतात, आणि तिथे निदान उद्यान विभाग नावाची स्वतंत्र यंत्रणा तरी असते.

पाण्यात उभे राहण्यासाठीच जे बांधले जाते त्याचा आकार वेगळा असतो. वाईला कृष्णेच्या घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ पाहावे. 1762 साली पेशवाईतल्या रास्ते सरदारांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, त्यामुळे पुराचे पाणी दोन्ही बाजूंना दुभंगून जाते. घाटाच्या पायऱ्याही अशाच: दगड जड, सांधे घट्ट, उचलून नेण्यासारखे काही नाही, आणि ओला गाळ फावड्याने खाली लोटला की पायरी मोकळी. आपल्या गावाचा घाट जुना असेल तर त्याची डागडुजी हेच आपले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ उद्यानकाम ठरेल. त्यावर रंगीत फरशी बसवू नये, ती ओली झाली की म्हातारी माणसे घसरतात. मात्र घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, दशक्रियेला येणारी माणसे, विसर्जनाची मिरवणूक यांचा हक्क फिरायला येणाऱ्यांच्या आधीचा आहे, हे ध्यानात ठेवून जागा वाटून द्यावी. दशक्रियेच्या जागेजवळची जुनी झाडे सुशोभीकरणात तोडू नयेत. पिंडाला कावळा शिवायचा तर त्याला आधी बसायला फांदी लागते.

आता त्या दोन एकरांत काय करावे. माझ्या मते तिथे मैदान करावे, आणि तेही धावणाऱ्यांसाठी. तालुक्याच्या गावात पहाटे पाचला रस्त्यावर कोण असते ते पाहावे: पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या दिव्यांच्या झोतात धावत असतात. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय दोघांनाही 100 मीटर धावणे आणि गोळाफेक असते. दोन एकर म्हणजे सुमारे 8,000 चौरस मीटर. जागा फार चिंचोळी नसेल तर 200 मीटरची मातीची धावपट्टी त्यात सहज बसते. आठ फेऱ्यांत मुलांचे अंतर पूर्ण होते, चार फेऱ्यांत मुलींचे. एका बाजूला 100 मीटरची सरळ पट्टी आखावी आणि मधल्या भागात गोळाफेकीचे वर्तुळ व कबड्डीचे मैदान ठेवावे. त्याच धावपट्टीवर सकाळी सातनंतर ज्येष्ठ नागरिक चालतील आणि संध्याकाळी पोरे क्रिकेट खेळतील. बांधकाम म्हणून हवा आहे तो मुरमाचा थर, वर चाळलेली लाल माती, पाण्याचा निचरा नदीकडे व्हावा एवढा हलका उतार, आणि रोलर. पूर येऊन गेला की गाळ ओला असतानाच ओढून काढायचा, वाळून कडक होऊ द्यायचा नाही. मग मातीचा नवा हात द्यायचा. दसऱ्यापर्यंत मैदान पुन्हा सुरू होते. नदीचा गाळ सुपीक असल्याने तो घ्यायला आजूबाजूचे शेतकरीही पुढे येतात. त्यात काच आणि प्लास्टिक किती आहे तेवढे आधी पाहावे.

हिरवळीचा आग्रह सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज सुमारे पाच लिटर पाणी लागते. एक एकर हिरवळ केली तर रोजचे 20,000 लिटर होतात. माणशी दिवसाला 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले तर ते जवळपास दीडशे माणसांचे पाणी झाले. एप्रिलमध्ये गावात दिवसाआड नळ येत असताना बागेत तुषार सिंचन चालू राहिले, तर त्या बागेला पहिला विरोध गावातल्या बायकांकडूनच होईल, आणि तो रास्त असेल.

झाडे मात्र भरपूर लावावीत, पण ती कुठे आणि कोणती हे विचारपूर्वक ठरवावे. रांगा प्रवाहाला समांतर असाव्यात. आडव्या लावल्या तर त्या जाळीसारख्याच कचरा अडवतात. करंज, उंबर, जांभूळ, अर्जुनसादडा ही झाडे काही दिवस पाणी साचले तरी तग धरतात, आणि अगदी काठाला वाळुंज लावता येतो. पुण्यात मुळा-मुठेच्या काठी तो अजूनही कुठेकुठे दिसतो. करंजाची सावली उन्हाळ्यात दाट असते आणि गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत, हा त्याचा मोठा गुण. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष लवकर वाढतात म्हणून ठेकेदाराला आवडतात, पण वळवाच्या वादळात त्यांच्या फांद्या मोडतात, तेव्हा बसण्याच्या जागेवर ती झाडे नकोत. खड्डे मे महिन्यात तीन फूट लांब, रुंद आणि खोल काढून ठेवावेत, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर पुरुषभर उंचीची रोपे लावावीत, आणि निविदेत तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची अट घालावी. वीतभर रोपे हजारोंच्या संख्येने लावून फोटो काढण्यापेक्षा पन्नास मोठी रोपे जगवणे चांगले. काठावर आधीपासून असलेले झाड तोडायचे झाल्यास 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली नगरपरिषदेच्याच वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे सल्लागाराला सांगून ठेवावे.

मग खेळणी, बाके, शौचालय, दिवे यांचे काय? ते सगळे लाल रेषेच्या वर, आणि माझे म्हणणे ऐकाल तर एकाच ठिकाणी नव्हे. पुण्यातल्या ज्या बागा आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत त्यांच्याकडे नीट पाहावे. संभाजी उद्यान मुठेच्या काठी आहे खरे, पण ते पात्रापासून उंच, जंगली महाराज रस्त्याच्या पातळीवर आहे. पु. ल. देशपांडे उद्यानात पाणी खेळवले आहे ते कालव्याच्या आधाराने, आणि त्या जपानी धर्तीच्या बागेची निगा राखायला जेवढी माणसे लागतात तेवढी आपल्या संपूर्ण आरोग्य विभागात नसतील. एम्प्रेस गार्डनमध्ये लोक कशासाठी जातात तर जुन्या, प्रचंड झाडांच्या सावलीसाठी. यांतली उचलण्यासारखी गोष्ट सावली आहे, आणि ती कारंज्यापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

तालुक्याच्या गावाची गरज शहरापेक्षा वेगळी असते, हा मुद्दा आराखड्यांतून नेहमी सुटतो. शहरातील उद्यान सकाळ-संध्याकाळचे असते. दुपारी फाटकाला कुलूप असले तरी फारसे कोणाचे अडत नाही. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी, तहसील आणि कोर्टाच्या कामाला वाड्या-वस्त्यांवरून आलेली माणसे दुपारी बारा ते चार एसटीची वाट पाहत कुठे बसतात? बंद दुकानाच्या पायरीवर, नाहीतर स्टँडच्या पत्र्याखाली. त्यांच्यासाठी स्टँडजवळ पाच-सात गुंठे जागा शोधावी. एखादा जुना वड किंवा पिंपळ असेल तर त्याचा पार दुरुस्त करावा, माठ किंवा नळ ठेवावा, आणि बायकांसाठी पाण्याची सोय असलेले, आतून कडी लागणारे शौचालय बांधावे. लहान मुलांची खेळणी याच ठिकाणी शोभतात, कारण इथे दिवसभर माणसांची नजर असते. नदीकाठच्या एकाकी जागेत संध्याकाळी सातनंतर आई मुलीला पाठवणार नाही. अशी जागा उद्घाटनाच्या फोटोत दिसायला फार छोटी दिसते, याला माझ्याकडे इलाज नाही.

टेकडीबद्दल बोलण्यापूर्वी ती वन विभागाची आहे, गायरान आहे की खाजगी, हे सातबाऱ्यावरून पाहून घ्यावे. पुणेकरांची खरी व्यायामशाळा वेताळ टेकडी आणि तळजाई आहे, आणि तिथे माणसे जातात ती पायाखाली माती असते म्हणून. आपल्या टेकडीवर काँक्रीटच्या पायऱ्या आणि स्वागत कमान नको. पाण्याने वाट उकरली जाऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर आडवा दगड बसवून पाणी बाजूला काढले, दिशादर्शक बाण रंगवले आणि माथ्यावर एक दगडी ओटा केला, की काम झाले. जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या टेकड्या मुळातच गवताळ आहेत. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिकून आहेत ते अशाच माळरानामुळे. ‘उजाड’ समजून त्यांवर ग्लिरिसिडिया हे झपाट्याने वाढणारे परदेशी झाड लावले तर गवतही जाते आणि गवतात घरटी करणारे पक्षीही जातात. त्याऐवजी फेब्रुवारीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला मोकळा पट्टा, काढून घ्यावी, कारण वणवा लागला की चार वर्षांचे काम एका दुपारी संपते.

बंधारा आणि जलाशय यांचा मनोरंजनासाठी उपयोग करण्याबाबत मी अतिशय सावध आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताना बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवतात आणि पावसाळ्यापूर्वी काढतात. बर्गे बसवलेले असताना वरच्या बाजूला पाणी संथ आणि पोहण्याजोगे दिसते, पण भिंतीवरून खाली पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि त्यात सापडलेल्या माणसाला पुन्हा भिंतीकडेच खेचते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सहजासहजी सुटत नाही. जलाशयाच्या काठी धोका वेगळा असतो. पाणी उतरत जाते तसा वर वाळलेला, आत चिखल असलेला गाळ उघडा पडतो, आणि गुडघाभर पाण्यातून दोन पावले पुढे टाकली की जुन्या नदीपात्राची कड अचानक संपते. ज्या नदीपात्रात खडकात रांजणखळगे, म्हणजे प्रवाहाने कोरलेले रांजणासारखे खोल खड्डे, आहेत तिथेही तसेच. पाणी बाहेरच्या लोकांना माहीत नसते, म्हणून बुडणाऱ्यांत पाहुण्यांचे प्रमाण जास्त असते. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब प्रवाहात वाहून गेले, आणि 15 जून 2025 रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. दोन्ही ठिकाणे वर्षानुवर्षे ‘सहलीची जागा’ म्हणून ओळखीची होती. आपल्या गावात जुना साकव किंवा पादचारी पूल असेल तर त्याकडे लोकांना आकर्षित करण्यापूर्वी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून त्याची तपासणी करून घ्यावी, आणि अहवाल येईपर्यंत त्यावर सेल्फी पॉइंटची पाटी लावू नये.

म्हणून बंधाऱ्यावर पोहायची सोय करू नये, नौकाविहाराचा ठेका देऊ नये. पाणी दिसेल पण पाण्यात उतरता येणार नाही अशा उंचीवर, सावलीत, बसायला ओटे करावेत. हिवाळ्यात बंधाऱ्याच्या फुगवट्यावर चक्रवाक, शेकाट्या, ढोकरी येतात. शाळेच्या मुलांना सकाळी सातला तिथे नेऊन दोन दुर्बिणी हातात दिल्या तर त्या जागेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. काठावर धोक्याची पाटी लावायचीच तर ‘पोहण्यास सक्त मनाई’ एवढेच लिहून थांबू नये. इथे खोली किती आहे, पाणी कधी सोडतात, भोंगा वाजल्यावर कोणत्या बाजूने वर यायचे, हे लिहावे. कारण समजले तर लोक ऐकतात. पुलाच्या खांबावर मीटरचे आकडे ठळक रंगवून घ्यावेत. जवळच्या टपरीवर दोरखंड आणि हवा भरलेली ट्यूब ठेवायची व्यवस्था करावी, कारण अग्निशमनची गाडी येईपर्यंत कामाला येतो तो टपरीवालाच.

राहता राहिली देखभाल. निविदा काढताना ‘पुरानंतरची स्वच्छता’ ही स्वतंत्र बाब म्हणून दरासह नमूद करावी. ती नसेल तर ठेकेदार पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे म्हणून हात वर करतो आणि नगरपरिषदेला नव्याने मंजुरी घ्यावी लागते, तोवर गाळ वाळून दगड होतो. दर एकराला किमान एक माळी पूर्ण वेळ धरावा आणि त्याचा पगार पहिल्या वर्षापासून अंदाजपत्रकात दाखवावा. सल्लागाराचा आराखडा मंजुरीला ठेवण्याआधी पावसाळ्यात, धरणातून पाणी सोडलेले असेल अशा एखाद्या दिवशी, सर्व सदस्यांना पुलावर उभे करून खाली ती दोन एकर जागा कितपत दिसते ते दाखवावे, आणि त्याच आठवड्यात सर्वसाधारण सभा घ्यावी.